आधी बोलावणं, मग लायकी

इंदुरात मराठी बोलणारा ख्रिस्ती माणूस दोन्हीकडून कुतूहलाचा विषय असतो. व्हाइट चर्चच्या आवारात "अच्छा, आप मराठी हैं?" आणि रामबागेत "अय्या, तुम्ही ख्रिस्ती?" नाताळात फराळाचं ताट शेजारी गेलं की ते रिकामं परत येत नाही, आणि बरेचदा त्याच्याबरोबर एखादा प्रश्नही येतो. त्यातले दोन फिरून फिरून येतात. पहिला, "तुमच्यात ज्या सिस्टर होतात, पाळक होतात, त्यांना देव खरंच हाक मारतो का हो? कानात आवाज येतो?" दुसरा जरा चिमटा काढणारा, "सगळं देवाच्या कृपेनंच व्हायचं असेल तर माणसानं करायचं काय? पाय पसरून बसायचं?"

पहिला प्रश्न पाचारणाचा, म्हणजे देवाच्या बोलावण्याचा, दुसरा कृपेचा. या दोहोंवर चर्चमध्ये उपदेश होतात तेही वेगवेगळे, त्यामुळे आमच्यातल्या पुष्कळांनाही हे दोन सुटे विषय वाटतात. माझ्या मते गोंधळाची सुरुवात तिथेच आहे. देवानं ज्याला बोलावलं त्याच्याकडे त्या कामाची ऐपत आधीपासून होती, असं बायबलमध्ये शोधूनही फारसं सापडत नाही. बोलावणं आधी येतं, ऐपत वाटेत मिळते. ही वाटेत मिळणारी, आपण न कमावलेली गोष्ट म्हणजे कृपा.

मोशेचं बघा, कारण त्याच्या गोष्टीत दोन्ही एकाच संभाषणात येतात. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचे तिसरा आणि चौथा हे अध्याय. मोशे तेव्हा मिसर देशातून पळून आलेला आहे, हातून एका माणसाचा खून झालेला, सासऱ्याची मेंढरं राखून पोट भरणारा. पेटलेल्या पण जळून न जाणाऱ्या झुडपातून देव त्याला सांगतो, जा, माझ्या लोकांना मिसरचा राजा फारो याच्या गुलामीतून बाहेर काढ. मोशे एकामागून एक पाच सबबी पुढे करतो. मी कोण? तुझं नाव काय सांगू? त्यांनी माझं ऐकलंच नाही तर? मला धड बोलता येत नाही. आणि शेवटी अगदी सरळ, दुसऱ्या कुणाला तरी पाठव ना.

यातल्या पहिल्या सबबीचं उत्तर वाचताना मी दर वेळी थांबतो. "मी कोण?" म्हणून बिचकणाऱ्या माणसाला आपण काय सांगू? अरे, तू राजवाड्यात वाढलास, दरबाराची रीत तुला ठाऊक, रानवाटा तुला ठाऊक, तुझ्याइतका योग्य माणूस मिळायचा नाही. देव यातलं अक्षरही उच्चारत नाही. "मी तुझ्याबरोबर असेन," एवढंच म्हणतो. मोशे विचारतो स्वतःबद्दल आणि त्याला उत्तर मिळतं देवाबद्दल. पाचव्या सबबीला मात्र देव रागावतो, आणि रागावूनही त्याचा भाऊ अहरोन याला जोडीला देतो. बोलण्याची अडचण खोटी नव्हती, तिची सोय झाली. जाणं काही टळलं नाही.

पुढेही असंच चालतं. यिर्मया संदेष्टा म्हणतो, मी अजून पोर आहे. योना देवानं सांगितलं त्याच्या उलट दिशेचं जहाज पकडतो. लेवी जकातीच्या नाक्यावर बसलेला असतो, ज्या धंद्याला सारा गाव शिव्या घालतो. जाळी फाटेपर्यंत मासे मिळाल्यावर पेत्र येशूच्या पाया पडून म्हणतो, माझ्यापासून दूर जा, मी पापी माणूस आहे. आणि पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौल तर करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, पत्रात लिहून मोकळा होतो, की तुमचं पाचारण झालं तेव्हा तुमच्यात फारसे ज्ञानी नव्हते, फारसे बलवान नव्हते, फारसे कुलीन नव्हते. आजच्या एखाद्या पाळकानं आपल्या मंडळीला असं लिहून बघावं!

याच्या उलट, सगळ्या बाजूंनी लायक असा एक माणूस शुभवर्तमानात भेटतो. मार्कच्या दहाव्या अध्यायातला तो श्रीमंत माणूस लहानपणापासून सगळ्या आज्ञा पाळत आलेला आहे, धावत येऊन गुडघे टेकतो. येशूचं त्याच्यावर मन बसतं. येशू त्याला म्हणतो, आहे ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन निघून जातो. हाक स्पष्ट होती, समोरासमोर होती. अडचण ऐकू येण्याची नव्हतीच.

आता इंदूरकरांच्या मनातलं एक चित्र. इथे पाचारण म्हटलं की जुन्या लोकांना मिशनरी आठवतात, आणि ते साहजिक आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम इथे 1877 मध्ये सुरू झालं. छावनीतलं ख्रिश्चन कॉलेज 1887 चं. एलिझाबेथ बीटी 1884 मध्ये आणि मॅरियन ऑलिव्हर 1886 मध्ये इथे डॉक्टर म्हणून आल्या, ज्या काळात बाईनं डॉक्टर होणं हेच त्यांच्या देशातही नवलाईचं होतं. अशा गोष्टी ऐकत वाढलं की पाचारण म्हणजे घरदार सोडणं, जहाजात बसणं, झगा घालणं असं डोक्यात पक्कं होतं. मग बँकेत काउंटरवर बसणाऱ्याला, एम. वाय. हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्या नर्सला, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करणाऱ्या सुनेला वाटतं, आपल्याला काही बोलावणं नाही, आपण आपले रविवारचे बघे.

ख्रिस्ती शिकवण इथे दोन गोष्टी वेगळ्या करते. एक पाचारण सगळ्यांना सारखं आहे: ख्रिस्ताकडे या, त्याच्यामागे चाला. दुसरं ज्याचं त्याचं: या घरात, या गावात, या कामात, या माणसांसाठी. दुसरं आयुष्यात दोन-तीनदा बदलू शकतं, पहिलं बदलत नाही. मध्ययुगातल्या युरोपात पाचारण ही मठवासी आणि धर्मगुरू यांचीच मिरास होऊन बसली होती. मार्टिन ल्यूथर स्वतः 1505 मध्ये वादळात विजेला घाबरून, नवस बोलून मठात शिरलेला. पुढे त्यानंच म्हटलं की घर झाडणारी मोलकरीण आणि बाळाचे लंगोट धुणारा बाप हेही देवानं नेमलेलंच काम करतात. कॅथलिक पंथातही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 मध्ये स्पष्ट मांडलं की पवित्र जीवनाचं पाचारण सगळ्याच ख्रिस्ती लोकांना आहे, फक्त फादर-सिस्टरांना नाही. मला स्वतःला ल्यूथरचं लंगोटाचं उदाहरण जास्त पटतं. त्यात भक्तीचा आव आणायला जागाच नाही.

आवाजाचं काय, हे राहिलं. बायबलमध्ये काही जणांना आवाज आला हे खरं, पण शमुवेलाच्या गोष्टीत तो आला तेव्हा काय झालं ते बारकाईनं वाचा. शिलो इथल्या मंदिरात झोपलेला पोरगा. रात्री हाक येते. तो उठून धावतो म्हाताऱ्या एली याजकाकडे, मला बोलावलंत? नाही रे बाळा, जाऊन नीज. पुन्हा हाक, पुन्हा धाव. तिसऱ्यांदा एलीच्या डोक्यात प्रकाश पडतो आणि तो शिकवतो, आता हाक आली की म्हण, बोल, तुझा दास ऐकत आहे. म्हणजे प्रत्यक्ष आवाज येऊनही शमुवेलाला तो ओळखता आला नाही, ओळखून दिला दुसऱ्यानं. आणि तो दुसरा काही फार आदर्श माणूस नव्हता. दृष्टी गेलेली, पोरं हाताबाहेर गेलेली. शिवाय त्या रात्री शमुवेलाला जो निरोप मिळाला तो एलीच्याच घराण्याच्या नाशाचा होता. सकाळी एलीनं तो खोदून खोदून विचारला आणि मान तुकवून ऐकून घेतला.

एलीया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर आधी वारा, मग भूकंप, मग अग्नी अनुभवायला मिळतो आणि देव त्यातल्या कशातच नसतो. त्यानंतर एक मंद स्वर येतो. आज बहुतेक ख्रिस्ती माणसांना विचारलंत तर ते सांगतील की त्यांना आवाज असा आलाच नाही. एखाद्या माणसाची किंवा वस्तीची गरज डोळ्यांपुढून हलेना, दोघा-तिघांनी एकमेकांना न विचारता "हे तू का करत नाहीस?" म्हटलं, एक वाट बंद झाली, नेहमीचं वचन वाचताना एकाएकी आपल्यालाच उद्देशून असल्यासारखं वाटलं. इतकं साधं असतं.

आता कृपा. हिच्यावर येशूनं सांगितलेली सगळ्यात टोकदार गोष्ट मत्तयच्या विसाव्या अध्यायात आहे, आणि ती समजायला इंदूरकराला फार लांब जायला नको. सकाळी सात-आठच्या सुमाराला शहरातल्या कुठल्याही मोठ्या चौकात रोजंदारीवाले उभे असतात. कुणाच्या हातात फावडं, कुणाजवळ रंगाचे ब्रश, बायकांच्या डोक्यावर घमेलं. ठेकेदाराची गाडी थांबली की सगळे धावतात, तब्येतीनं धडधाकट ते आधी चढतात. दहा वाजून गेले की चौकात जे उरतात त्यांचे चेहरे जाता जाता एकदा बघावेत.

येशूच्या गोष्टीतला द्राक्षमळ्याचा मालक पहाटेच मजूर घेतो. मग नऊला पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो आणि दिवस संपायला तासभर राहिला असता पाचलाही जातो. तेव्हाही तिथे लोक उभेच. दिवसभर रिकामे का उभे, असं विचारल्यावर ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. तुम्हीही मळ्यात जा, असं तो सांगतो. संध्याकाळी मजुरी वाटायला सुरुवात होते ती शेवटी आलेल्यांपासून, आणि तासभर काम केलेल्यांच्या हातावर पूर्ण दिवसाची मजुरी, एक दीनार, पडते. पहाटेपासून राबलेल्यांना वाटतं आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही एकच दीनार. ते कुरकुर करतात. मालक म्हणतो, गड्या, मी तुझ्यावर अन्याय केला नाही. आपला ठराव एका दीनाराचाच होता ना? मी उदार झालो म्हणून तुझ्या डोळ्यांत खुपतं का?

ही गोष्ट ऐकून प्रामाणिक माणसाला राग येतोच, आणि तो यावाच अशी ती रचलेली आहे. पण तिच्यातला एक तपशील सहसा नजरेतून सुटतो. पहाटेच्या मजुरांशी मालकानं दर ठरवला होता. नऊच्या लोकांना तो फक्त म्हणाला, जे योग्य असेल ते देईन. आणि पाचच्या लोकांना तर बहुतेक जुन्या हस्तलिखितांनुसार मजुरीचा एक शब्दही सांगितलेला नाही, नुसतं "जा". ते दर न ठरवता गेले, मालकाच्या शब्दावर. संध्याकाळी हिरमुसले कोण? ज्यांच्याजवळ ठराव होता ते. कृपेवर विसंबणं म्हणजे काय याचं याहून सरळ चित्र मला माहीत नाही. त्या पाचवाल्यांना बोलावणं आणि कृपा एकाच वेळी मिळाली, आणि दोन्हींत त्यांची स्वतःची कमाई शून्य. तरी ते गेले, त्यांनी तासभर काम केलं, हेही खरं. चौकातच बसून राहिलेल्याला दीनार मिळाला असं काही गोष्टीत नाही.

कुणी म्हणेल, मग पहाटे जाणारे मूर्खच ठरले की. पण त्या चौकातल्या माणसाला विचारा. ज्याला सकाळीच काम मिळालं त्याला दिवसभर ऊन लागलं असेल, पण संध्याकाळी घरी चूल पेटणार हे तो जाणून होता. पाचपर्यंत उभं राहणाऱ्याला सावली मिळाली, आणि सावलीत उभ्यानं घोर लागला. दिवस कुणाचा बरा गेला?

माणसाचा प्रयत्न आणि देवाची कृपा यांचं नातं काय, यावर ख्रिस्ती जगात दीड हजार वर्षांहून अधिक वाद चाललाय. आपल्याकडच्या वैष्णव आचार्यांमध्ये असाच वाद आहे: माकडीचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवतं, मांजरीच्या पिल्लाला आईच मानगुटीला धरून उचलते, तर भक्त कुणासारखा? पाचव्या शतकात पेलागियस म्हणत होता की माणसानं मनावर घेतलं तर तो स्वतःच्या इच्छाशक्तीनं चांगलं वागू शकतो. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन म्हणाला, मनावर घेण्याची ताकदही आधी देवानंच द्यावी लागते. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं पेलागियसचं मत फेटाळलं. 529 मध्ये ऑरेंजच्या सभेनं आणखी पुढे जाऊन ठरवलं की विश्वासाची पहिली सुरुवातसुद्धा कृपेनंच होते. म्हणजे मांजरीचं पारडं जड. तरी ते चित्र बायबलला पूर्ण बसत नाही, कारण मांजरीचं पिल्लू हुज्जत घालत नाही. मोशे घालतो, यिर्मया घालतो, येशूची आई मरियाही देवदूताला आधी विचारते की हे होणार कसं, आणि मग होकार देते. कृपा माणसाला उचलते, आणि त्याचं तोंडही उघडंच ठेवते.

पौलानं हा तिढा एका वाक्यात मांडलाय, तो सोडवला असं मात्र म्हणवत नाही. मी जो काही आहे तो देवाच्या कृपेनं आहे, मी इतर सगळ्यांपेक्षा जास्त कष्ट केले, पण मी नाही, माझ्याबरोबर असलेल्या कृपेनं. कष्ट केले की नाही? केले. कुणी केले? वाक्य दोन्हीकडे बोट दाखवतं. फिलिप्पैकरांस पत्रातही तसंच, तुम्ही आपलं तारण भीत-कापत साधून घ्या, कारण तुमच्यात इच्छा आणि कृती घडवून आणणारा देव आहे. तर्कशास्त्राच्या मास्तरांना हे "कारण" खटकेल. ज्यानं कधी एखादं व्यसन सोडलंय किंवा वर्षानुवर्षांचा अबोला मोडलाय, त्याला फारसं खटकणार नाही. आपणच केलं आणि आपल्याच्यानं होण्यासारखं नव्हतं, ही दोन्ही वाक्यं त्याला एकदम खरी वाटतात.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं. त्यांचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. संस्कृतावर हुकमत, तर्कबुद्धी तल्लख, कामाचा झपाटा दांडगा. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं. आणि तरी त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडला असं त्यांना वाटायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं जावी लागली. तोपर्यंत त्या चांगलं ख्रिस्ती होण्याचा प्रयत्न करत होत्या, सगळा भार स्वतःच्या अंगावर घेऊन. नंतर त्यांचं काम कमी झालं का? केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं ते त्यानंतर, आणि हिब्रू-ग्रीकवरून अख्ख्या बायबलचा मराठी अनुवाद त्यांनी केला तोही. एप्रिल 1922 मध्ये वारण्याआधी थोडेच दिवस त्यांनी तो पुरा केला. कृपेवर विसंबणारा माणूस आळशी होतो ही शंका ज्यांना आहे त्यांनी रमाबाईंच्या दिवसाचा नुसता विचार करावा.

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांना 1893 मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशानं नवा करार दिला. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला 1900 मध्ये. मधल्या वर्षांत त्या बाईनं जे सोसलं ते वाचलेल्या कुणाला "नवऱ्याला बोलावणं आलं म्हणजे बायकोलाही आलंच" असं म्हणायची हिंमत होणार नाही. एकाच घरात दोघांना वेगवेगळ्या वेळी हाक ऐकू येते. ज्याला आधी आली त्यानं दुसऱ्याला फरपटत नेऊ नये, हे मला या दोघांच्या संसारातून शिकण्यासारखं वाटतं.

कृपेचा एक गैरवापर नेहमीचा आहे, आणि तो आमच्या आतलाच आहे. देव क्षमा करतोच, मग काय हरकत आहे? पौलाच्या काळातच हा प्रश्न निघाला होता. रोमकरांस पत्रात तो स्वतःच तो विचारून "मुळीच नाही" असं ठणकावतो. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी 1937 मध्ये याला स्वस्त कृपा म्हटलं: पश्चात्ताप नाही, मागे चालणं नाही, फक्त माफीची पावती. हिटलरच्या राजवटीनं एप्रिल 1945 मध्ये त्यांना फाशी दिलं, म्हणून त्या शब्दांना वजन आहे.

कृपा महाग कशी असते, हे इंदूरजवळच घडलेलं आहे. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, जन्म 1954 चा. 1992 मध्ये त्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या आणि आदिवासी शेतकऱ्यांना सावकारीच्या फासातून सुटायला मदत करू लागल्या. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, नाचनबोर घाटीत, समंदर सिंह या तरुणानं सगळ्या प्रवाशांदेखत त्यांना भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. 2002 च्या ऑगस्टमध्ये राणी मारियांची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेल्या आणि त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठीही खटपट केली आणि 2006 मध्ये तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरात राणी मारियांना धन्य (कॅथलिक पंथातली संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं तेव्हा तो तिथे हजर होता.

यात नीट बघण्यासारखं असं की न्यायालयाचं काम न्यायालयानं केलं. शिक्षा झाली, वर्षं तुरुंगात गेली. कृपेनं गुन्ह्याला गुन्हा म्हणणं सोडलं नाही. आणि राखी मिळाली ती त्याच्या वागण्याचं बक्षीस म्हणून नव्हे. किंमत कुणी मोजली? ज्यांचं माणूस गेलं त्यांनी. ख्रिस्ती लोक क्रूसाबद्दल बोलतात तेव्हा नेमकं हेच म्हणत असतात: क्षमा फुकट मिळते घेणाऱ्याला, देणाऱ्याला नाही.

रोजच्या आयुष्यात कृपेवर विसंबणं यापेक्षा पुष्कळच मचूळ दिसतं. प्रार्थना, वचनवाचन, प्रभुभोजन, पापांची कबुली, रविवारी कंटाळा आला तरी मंडळीत जाऊन बसणं. आमच्या बोलीत यांना कृपेची साधनं म्हणतात. त्यांनी कृपा कमावली जात नाही. आपण त्या जागी जाऊन उभे राहतो, इतकंच. आणि कृपा म्हणजे संकट टळणं, असं जे हल्ली मोठमोठ्या सभांमधून लाउडस्पीकरवर सांगितलं जातं, त्याचा मला मनापासून राग येतो. पौलाच्या शरीरात एक काटा होता, कसला ते तो सांगत नाही. तो काढ म्हणून त्यानं तीनदा विनवलं. उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे आहे. काटा राहिला. आजारी माणसाला "तुमचा विश्वास कमी पडला" असं सांगणाऱ्यांनी हा उतारा उघडून पाहावा.

तर मग एखादं बोलावणं खरं की मनाचे खेळ, हे ओळखायचं कसं? इग्नाशियस लोयोला या स्पॅनिश सरदाराचा पाय 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो कधी पराक्रमाची स्वप्नं रंगवी, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्हींत रमायला होई, पण पहिल्यानंतर मन कोरडं पडे आणि दुसऱ्यानंतर बराच वेळ शांत, प्रसन्न राही. यातूनच पुढे त्यानं मनं पारखण्याची पद्धत बसवली. उत्साहाच्या भरात काय वाटतं यापेक्षा भर ओसरल्यावर काय उरतं ते बघा, असा तिचा रोख. त्याच्या जोडीला आमचे पाळक आणखी काही विचारतात: हे वचनाच्या विरुद्ध जातं का? आईबाप, बायकोमुलं यांचं देणं बुडवून जातं का? तुला ओळखणाऱ्या दोन समंजस माणसांना काय वाटतं? थांबायला सांगितलं तर थांबशील का? शेवटचा प्रश्न भारी असतो. "देवानं मला सांगितलंय" असं म्हणून वाद मिटवणारा माणूस बहुधा त्यावर चिडतो. तरुण मंडळीत तर "देवानं सांगितलंय की तू माझी बायको होणार" असा निरोप घेऊन येणारा एखादा असतोच. त्यावर एका मुलीनं दिलेलं उत्तर आमच्याकडे अजून ऐकवतात: मलाही सांगेल ना मग, माझा पत्ता आहे त्याच्याकडे.

आणि ज्यांना यातलं काहीच कधी जाणवलं नाही त्यांचं काय? रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय बहुतेक लोक गाळतात, नुसती नावं आहेत म्हणून. प्रिस्किल्ला आणि अक्विला, तंबू शिवून पोट भरणारं जोडपं. मरिया, जिनं "तुमच्यासाठी पुष्कळ श्रम केले", कसले ते लिहिलेलं नाही. पर्सिस, तिनंही श्रम केले. रूफसाची आई, जी पौल म्हणतो मलाही आईसारखीच. तिचं तर नावसुद्धा दिलेलं नाही. यांच्यापैकी कुणाला झुडूप पेटलेलं दिसलं, कुणाला रात्री हाक आली, असं कुठेही नमूद नाही. पत्र सुरू करताना मात्र पौलानं रोममधल्या या सगळ्यांना सरसकट "पाचारण झालेले" असंच म्हटलंय, आणि लगेच त्यांच्यासाठी मागितलीय ती कृपा.